निकमांची भावकी आणि एक आडवी रेघ

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या आईला अजून मला नीट सांगता आलेलं नाही. ती लोणंदच्या बाजारात कांदा निवडते. मोठा एकीकडे, बारीक एकीकडे, जोडकांदा बाजूला, मऊ पडलेला टाकायला. एकदा सुट्टीत घरी गेले होते तेव्हा तिच्याजवळ बसून सांगायचा प्रयत्न केला. म्हणाले, "मोठे लोक पीएच.डी.साठी जाड पुस्तक लिहितात. त्यासाठी काय काय वाचलं, कुणाला काय विचारलं, ते शेवटी ओळीनं लिहावं लागतं. ते लावायचं काम माझं." तिनं हात न थांबवता विचारलं, "म्हंजी निवडायचंच की?" मी हो म्हणाले. वडील त्याच बाजारात हमाली करतात. ते पोतं टेकवून हसले आणि म्हणाले, "मग त्याला सांगलीला कशाला जायचं? हितं काय कमी हाय निवडायला?"

या अंकात दरवर्षी निवृत्त माणसं आपापल्या कामाविषयी लिहितात. गेल्या वर्षी एका वायरमन काकांचा लेख मी दोनदा वाचला. माझं वय त्यात बसत नाही. मी अजून एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी पहिली. पण ज्यांच्याकडे मी काम करते त्या मुल्लासरांनी संपादकांना माझं नाव सांगितलं. मी नको म्हणाले तेव्हा ते म्हणाले, "वाघमारे, चार वर्षांत चष्मा लागला, मान धरली. झालीस की तू जुनी. लिही." म्हणून लिहिते आहे.

मुल्लासरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट विश्रामबागकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. एका भिंतीला जुनी टायपिंग मशीन, तिथं सरकारी परीक्षेला बसणारी मुलं दिवसभर खडखडाट करतात. दुसऱ्या भिंतीला दोन कॉम्प्युटर. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला टायपिंग शिकायला आले. वर्षभरात इंग्रजीचा वेग बरा झाला तसं सरांनी मला त्या दुसऱ्या भिंतीकडे बसवलं. प्रबंध टाइप करण्याचं काम येत होतं. प्रबंधात सर्वात किचकट असते ती शेवटची संदर्भसूची. पूर्वी लोक पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर एकेका पुस्तकाची माहिती लिहून, ते पुठ्ठे दोऱ्यात ओवून आणायचे. दोरा तुटला की सगळं जमिनीवर. मग मुल्लासरांच्या पुण्याच्या भाच्यानं फ्लॉपीवर एक प्रोग्राम आणून दिला. आम्ही त्याला नुसतं 'रेफरन्सवालं' म्हणतो.

ते असं चालतं. प्रत्येक पुस्तकासाठी पडद्यावर एक कार्ड उघडतं, त्यात रकाने असतात. लेखकाचं आडनाव, नाव, साल, पुस्तकाचं नाव, गाव, प्रकाशक. एकदा भरलं की भरलं. मग प्रबंध लिहिताना जिथं त्या पुस्तकाचा आधार घेतला तिथं एक खूण ठेवायची. शेवटी नियमावली निवडायची. कारण प्रत्येक विद्यापीठाचं, प्रत्येक विषयाचं शास्त्र वेगळं. कुणाला साल कंसात हवं, कुणाला शेवटी. कुणाला नावानंतर स्वल्पविराम, कुणाला टिंब. नियमावली निवडून एक बटण दाबलं की प्रोग्राम सगळी सूची ए बी सी डीप्रमाणे लावून देतो. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला खरंच हलकं वाटलं. जे काम करताना माझी बोटं आखडायची ते काम चहा येईपर्यंत झालं होतं.

हलकं वाटणं फार दिवस टिकलं नाही. प्रोग्राम ज्या देशात बनला तिथली माणसं वेगळी. आपल्याकडची माणसं त्या रकान्यांत सहजी बसत नाहीत, आणि बसवायचं काम माझ्याकडे आलं.

इस्लामपूरकडचे एक प्राध्यापक होते. त्यांच्या सूचीत त्यांच्या स्वतःच्या गुरूंचं पुस्तक होतं. प्रोग्रामनं गुरूंच्या नावामागचं 'प्राचार्य डॉक्टर' काढून टाकलं, आडनाव पुढे घेतलं आणि नावाचं नुसतं एक अक्षर ठेवलं. प्राध्यापक तो कागद हातात धरून माझ्या टेबलाशी आले.

"हे काय केलंत?"

"सर, नियमावलीत पदवी लिहीत नाहीत."

"अहो, ते हयात आहेत. हे वाचतील."

मी म्हणाले, आइन्स्टाइनच्या मागेही काही लिहीत नाहीत. ते म्हणाले, "आइन्स्टाइन माझ्या नोकरीच्या मुलाखतीला बसणार नाहीत." शेवटी आडनावाच्या रकान्यातच 'प्राचार्य डॉक्टर' घातलं. गुरुजी सूचीत पी अक्षराखाली गेले, एकटेच, आपल्या आडनावापासून लांब. ते मात्र चाललं.

दुसरे एक गृहस्थ सहकारी बँकांवर प्रबंध करत होते. त्यांना सूची बारीक वाटत होती. एकदा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्या मशीनमध्ये बाकीच्यांची पुस्तकं असतीलच की. त्यातली थोडी टाका." मी नाही म्हणाले. त्यांनी मुल्लासरांना विचारलं, सरही नाही म्हणाले. मग एक दिवस मी कॉलेजला गेलेली असताना त्यांनी टायपिंगच्या एका मुलाला धरून स्वतःच बटणं दाबली. त्यांच्या सूचीत उसाच्या खोडकिड्यावरची पुस्तकं गेली. बाइंडिंग झाल्यावर ते मला कळलं. मी घाबरून त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "राहू द्या. सहकार म्हटलं की ऊस आलाच." त्यांना पदवी मिळाली. त्या दिवसापासून मी प्रत्येकाची फाइल वेगळ्या फ्लॉपीवर ठेवते आणि फ्लॉपी कपाटात.

हे सगळं हसण्यावारी जातं. निकम मॅडमचं काम मात्र तसं गेलं नाही.

निकम मॅडम आटपाडी भागातल्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायच्या. तासिकेवर म्हणजे नोकरी वर्षावर्षाची, उन्हाळ्यात बंद. कॉलेजात एक कायमची जागा निघणार होती आणि प्रबंध मंजूर झालेला असेल तरच ती त्यांना मिळण्यासारखी होती. विषय होता सामाईक विहिरी. त्या कोरड्या भागात एका विहिरीवर पाच-सहा घरांचा हक्क असतो, आणि पाणी पाळीनं घ्यायचं असतं. आज याची पाळी, उद्या त्याची. हे कुठं लिहिलेलं नसतं, जुन्या माणसांच्या तोंडी असतं. मॅडमनी त्यासाठी आपल्या सासरचीच वस्ती निवडली. तिथं सगळे निकम. एकाच पणजोबाची भावकी.

तिथल्या म्हाताऱ्यांना बोलतं करायला त्यांना दोन वर्षं लागली. विशेषतः दोघांना. एक दादू निकम, ज्यांना मॅडम आबा म्हणत. दुसरे दौलत निकम, लष्करातून हवालदार म्हणून परत आलेले, त्यांना बापू. दोघे सख्खे चुलतभाऊ आणि मॅडमचे चुलत सासरे. विहिरीवर इलेक्ट्रिक मोटर बसली तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं. भांडण एवढंच की आठवड्याची पहिली पाळी कुणाच्या घरची. आबा म्हणायचे थोरल्या घराची, म्हणजे आपल्या वडिलांची. बापू म्हणायचे विहीर खोदायला आपला बाप उतरला होता, म्हणून आपली. दोघांनी मॅडमना एकच अट घातली होती. माझं म्हणणं माझ्या नावावर लिही, त्याच्या नावावर नको. मॅडमनी शब्द दिला.

आता यात रेफरन्सवाल्यानं काय केलं ते सांगते. आबांचं पूर्ण नाव दादू रामू निकम. बापूंचं दौलत रघू निकम. मॅडमच्या मार्गदर्शकांनी ठरवून दिलेल्या नियमावलीत आडनाव आणि आद्याक्षरं एवढंच लिहायचं होतं, म्हणून मॅडमच्या पुठ्ठ्यांवरही तसंच होतं. निकम डी. आर. आणि निकम डी. आर. मी विचारलं होतं, पूर्ण नावं घालू का. मॅडमनी मार्गदर्शक सरांना फोनवर विचारलं. सर म्हणाले, नियमात नाही.

त्या नियमावलीत आणखी एक सोय होती. एकाच लेखकाची दोन पुस्तकं लागोपाठ आली तर दुसऱ्या वेळी नाव परत लिहायचं नाही, त्याऐवजी एक लांब आडवी रेघ मारायची. प्रोग्रामनं बघितलं, निकम डी. आर. पुन्हा आलेत. त्यानं रेघ मारली. साल एकच म्हणून आबांच्या मुलाखतीला सालापुढे ए लावला, बापूंच्या मुलाखतीला बी. भावकीत असे आणखीही होते, एस. बी. तिघे, एम. डी. दोघे. सगळी वस्ती तीन-चार नावांत आणि खाली रेघांत मावली. सूची फार सुबक दिसत होती. मॅडमना आवडली, सरांना आवडली, मलाही आवडली.

प्रबंध सादर झाला. काही महिन्यांनी बाहेरच्या परीक्षकाचा अहवाल आला. मॅडम तो घेऊन थेट इन्स्टिट्यूटमध्ये आल्या आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. अहवालात म्हटलं होतं की मुख्य निवेदक डी. आर. निकम हे एकदा एक सांगतात आणि लगेच त्याच्या नेमकं उलट सांगतात. अशा बेभरवशाच्या माणसावर तिसरं प्रकरण उभं करता येणार नाही. प्रकरण काढा किंवा दुरुस्त करून पुन्हा सादर करा.

मी दोनदा वाचलं. मॅडम म्हणाल्या, "सुजाता, आबा आणि बापू एक झाले गं." आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मग हसत नव्हत्या. तिसरं प्रकरण म्हणजेच त्यांचा सगळा प्रबंध होता. नोकरीच्या मुलाखतीच्या तारखेला फार दिवस राहिले नव्हते.

मी प्रोग्राममध्ये पूर्ण नावं घालून बघितली. रेघ गेली, पण छापताना त्यानं दोघांनाही परत डी. आर. केलं, कारण नियमावली तसंच सांगत होती. वाचणाऱ्याला काहीच फरक दिसला नसता. नियमावली बदलायची तर मार्गदर्शकांची परवानगी हवी. ते साताऱ्याला राहत. मॅडम म्हणाल्या, "तू चल बरोबर. मशीनचं तू सांग, माणसांचं मी सांगते."

मार्गदर्शक सर सज्जन होते. त्यांनी आमचं सगळं ऐकलं, आम्हाला पोहे दिले. मग म्हणाले, "आडनाव आणि आद्याक्षर माणूस ओळखायला पुरतं. जगभर पुरतं."

मॅडम म्हणाल्या, "सर, जगभर एका विहिरीवर एवढे निकम नसतील."

सरांनी अहवाल परत एकदा चाळला. त्यांनाही परीक्षकाचा अहवाल लागला होता, ते दिसत होतं. शेवटी म्हणाले, "पुस्तकांची सूची आहे तशी राहील, त्यात मी हात घालणार नाही. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांची वेगळी यादी जोडा. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, कुठल्या घरचे. पण नाव कसं छापायचं ते प्रत्येकाच्या तोंडून विचारून या आणि खाली त्याची सही आणा. परत कुणी म्हणायला नको की हा माणूस खरा नाही. एकाचीही सही राहिली तर मी पुढे पाठवणार नाही."

साताऱ्याहूनच आम्ही आटपाडीची एसटी धरली. औंधच्या पुढे जागा मिळाली. मॅडमनी यमाईच्या डोंगराकडे बघून हात जोडले आणि डोळे मिटले, ते मायणीपर्यंत उघडले नाहीत. मला वाटलं झोपल्या. नंतर म्हणाल्या, झोप कसली, बापू सही देतील का तेच डोक्यात होतं.

वस्तीवर पोहोचलो तेव्हा आबा विहिरीजवळच्या मोटरच्या खोलीच्या पायरीवर बसले होते. त्यांची पाळी होती आणि ते लाईट यायची वाट बघत होते. मॅडमनी डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला. आबांनी माझ्याकडे बघितलं.

"ही कोण पोरगी?"

"माझं टायपिंगचं काम करते, आबा. सुजाता."

"आडनाव काय म्हनायचं?"

मी सांगितलं, वाघमारे. आबा जरासे थांबले. मग म्हणाले, "बरं, बरं. बस की." आतून चहा आला, सगळ्यांचा एकाच ताटातून, एकसारख्या कपांत. मी तेवढं बघून घेतलं. ती सवयच आहे. मनात आलं, रेफरन्सवाल्याचाही पहिला रकाना आडनावाचाच आहे.

सूनबाई आल्यात हे कळून बापूही आले. पण अलीकडे आले नाहीत. विहिरीच्या पलीकडच्या काठाला, पूर्वी मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्याच्या दगडावर बसले, पाठ ताठ. मधे विहीर. दोघेही मॅडमशी बोलत होते, एकमेकांशी नाही.

मॅडमनी काय झालं ते सांगितलं. आबांनी कानाला हात लावून ऐकलं.

"म्हंजी मी बोललो ती त्येच्या तोंडी घातलं?"

"तसं नाही, आबा. दोघांचं एकाच माणसाच्या तोंडी आलं. परीक्षकांना वाटलं एकच म्हातारा दोन्ही बोलतो."

पलीकडून बापू म्हणाले, "सूनबाई, त्या सायबाला इचार, म्हनावं एक मानूस सवताशीच भांडंल व्हय?"

आबा मॅडमकडे बघत म्हणाले, "आगं, आमाला एक कराय गावानं दोन डाव पंच बसवलं. पावनंरावळं झालं. न्हाई जमलं कुनाला. ह्या पोरीच्या मशिनीनं केलं बग."

बापूंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. पण त्यांचे खांदे हलत होते, ते मला दिसलं.

मी कागद काढले. आबांनी नाव सांगितलं, "दादू रामू निकम, वरलं घर." सही येत नव्हती, अंगठा दिला. मग मी विहिरीला वळसा घालून बापूंकडे गेले. त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, पण टोपण उघडलं नाही.

"यादीत वर कोन?"

मला वाटलं त्यांना नीट समजलं नाही. म्हणाले, "बापू, यादी ए बी सी डीप्रमाणे लागते. माणूस लावत नाही."

"ती ठीक हाय. पर वर कोन?"

मी मॅडमकडे बघितलं. त्या पलीकडे उभ्या होत्या, त्यांना ऐकू गेलं होतं. खोटं बोलून चालण्यासारखं नव्हतं. "दादू आधी येतं," मी म्हणाले, "मग दौलत."

बापूंनी पेन परत खिशाला लावलं. "म्हंजी तितं बी पयली पाळी त्येचीच. मग माझं नावच नगं."

मॅडम वळसा घालून आल्या आणि माझ्याशेजारी नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांची नोकरी, त्यांची ती दोन वर्षं, सगळं त्या टोपण घातलेल्या पेनात होतं. मला माझ्यावरच राग आला. निदान सही झाल्यावर तरी सांगायला हवं होतं. काय करावं ते न सुचून मी मनात आलं ते विचारलं, "बापू, पलटणीत हजेरी कशी घेत होते?"

"नंबरानं."

"नंबर कोण देत होतं?"

"भरती झाली का मिळायचा. कुनाच्या हातात व्हता त्यो?" असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं मी काय विचारतेय. पलीकडे आबांनी उगाच मोटरच्या खोलीची कडी वाजवून बघितली. लाईट आली नव्हती.

बापूंनी पेन काढलं. "हवालदार घालशील का नावाम्होरं?"

नियमावलीत पदवी लिहीत नाहीत. मी म्हणाले, "घालते."

त्यांनी इंग्रजीत सही केली, खाली लष्करी नंबर लिहिला. कागद परत देताना मॅडमना म्हणाले, "पर ही यादीपुरतं हाय, सूनबाई. हिरीवर न्हाई."

"विहिरीचं मी कुठं काय म्हणतेय, बापू," मॅडम म्हणाल्या.

बाकीच्यांच्या सह्या आम्ही त्याच दिवशी घरोघर फिरून घेतल्या. पुढचं काम सांगण्यासारखं नाही, नुसतं करण्यासारखं होतं. प्रबंधात जिथं जिथं 'निकम, सत्याण्णव ए' असं आलं होतं तिथं दादू रामू निकम लिहायचं होतं, बी तिथं दौलत रघू. प्रोग्रामला हे समजावता येईना. तो प्रत्येक वेळी आपलं जुनं परत आणायचा. शेवटी मी त्याच्या खुणाच काढून टाकल्या. त्या काढल्या की प्रबंध नुसता साधा टाइप केलेला मजकूर होतो. मग कुठंही काही बदललं तर बाकी सगळं हातानं बदलावं लागतं, आधी दोऱ्यातल्या पुठ्ठ्यांच्या वेळी व्हायचं तसंच. पानं वाढली, पानांचे आकडे हलले, तळटीपा हलल्या. मधे लाईट जायची. मान इतकी दुखायची की वर्गात फळ्याकडे बघताना अंगच वळवावं लागे. माझं स्वतःचं ट्युटोरियल द्यायचं राहून गेलं. मुल्लासर एकदा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बेटा, या कामासाठीच ते मशीन आणलं होतं ना?" मी म्हणाले, "हो सर." ते गेले.

निवेदकांची यादी मी सगळ्यात शेवटी केली, तीही हातानंच. बापूंना मी माणूस लावत नाही म्हणाले होते, आणि ती तर मीच लावत होते. मनात आणलं असतं तर दौलत वर घेता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. तसं केलं नाही. ए बी सी डीप्रमाणेच लावली. ते बरोबर केलं की नाही, याचा विचार नंतर बऱ्याचदा केला.

प्रबंध मंजूर झाला. मॅडम साताऱ्याहून येताना कंदी पेढे घेऊन आल्या. मुल्लासरांना दिले, टायपिंगच्या मुलांना दिले. मी पेढा तोंडात टाकल्यावर म्हणाल्या, "जागा भरली गं. मागच्याच महिन्यात. त्यांना थांबता येत नव्हतं." मग त्याच म्हणाल्या, "डॉक्टर तर झाले." त्या अजून तासिकेवरच शिकवतात. परवा फोन आला होता, आणखी एका कॉलेजात जागा निघणार आहे म्हणे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बाइंडिंग केलेली एक प्रत त्या वस्तीवर न्यायची होती. मलाही बोलावलं. मी गेले, कारण मलाही ते संपवायचं होतं. जाताना वाटेत मॅडमनी सांगितलं की आबा उन्हाळ्यात गेले. मला ते आधी कळवायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं.

मोटरच्या खोलीच्या पायरीवर, आबा बसायचे त्या जागी, बापू बसले होते. या वेळी अलीकडच्या काठाला. मॅडमनी विचारलं, "आज पाळी तुमची का, बापू?"

"न्हाई. त्येची हाय." बापू तारांकडे बघत होते. "पोरं पुन्याला. लाईट आली तर बटन दाबाय कुनीतरी नगं?"

मॅडमनी प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली. इंग्रजी सगळं वाचता येत नव्हतं त्यांना, पण लष्करात शिकलेलं एवढं येत होतं. मी निवेदकांचं पान उघडून दिलं. त्यांचं बोट ओळींवरून खाली आलं आणि एका ठिकाणी थांबलं. तिथं त्यांचं नाव होतं, पुढे हवालदार. मग बोट एक ओळ वर गेलं.

"ह्यो त्योच का?"

"हो," मी म्हणाले. "दादू रामू निकम. वरलं घर."

मी वाट बघत होते, ते पाळीचं काहीतरी बोलतील म्हणून. त्यांनी बोट तिथंच ठेवलं होतं.

"वर हाय," बापू म्हणाले. "असू दे. थोरला व्हता त्यो."

तेवढ्यात खोलीतला दिवा लागला. त्यांनी पुस्तक मॅडमकडे दिलं आणि आत जाऊन आबांच्या शेतासाठी मोटर चालू केली.